कापडाला चुना लावून पाहिला, आता टॅग लावू की नको?

पायमशीन

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

मी वेंगुर्ल्याच्या पुढे, शिरोड्याच्या वाटेवरच्या एका वाडीत शिवणकाम करते. आमचा सात बायकांचा बचत गट आहे. चार मशिनी, एक ओव्हरलॉक आणि एक इस्त्री. लाइट गेली की इस्त्री थंड, म्हणजे रोजच. आतापर्यंत शाळेचे गणवेश, फॉल-पिको, ब्लाउज, लग्नाच्या अस्तराच्या चोळ्या असली कामं केली. या वर्षी पहिल्यांदाच 'फॅशन'ची ऑर्डर आली.

पुण्याच्या एका बाईंचं इथल्या एका रिसॉर्टमध्ये कपड्यांचं दुकान आहे. त्यांनी ६० कुर्त्या आणि ६० खांद्याच्या पिशव्या शिवायला दिल्या. कापड त्यांचं, दोरा-बटणं त्यांची, हात आमचे. कुर्तीला ८५ रुपये, पिशवीला ३०. कापडाच्या ताग्याबरोबर टॅगचा गठ्ठाही आला. खाकी पुठ्ठा, भोक पाडून सुतळी ओवलेली, दिसायला छान. त्यावर छापलंय: 'शंभर टक्के सस्टेनेबल. हातमागाचं शुद्ध सुती कापड. हळदीने रंगवलेलं. कोकणातल्या महिलांनी प्रेमाने शिवलेलं.' आणि खाली किंमत, २४५०.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या गटातल्या थोरल्या काकी म्हणाल्या, "प्रेमान नाय गो, पंच्याऐंशीन शिवलेला!" पुढची पाच मिनिटं एकही मशीन चाललं नाही.

खरी भानगड कापायला बसल्यावर झाली. मे महिना, पंख्याची हवासुद्धा गरम, हात घामाने ओले. हळदीचं कापड ओल्या हाताला लागलं की बोटं पिवळी व्हायला हवीत, निदान आमच्याकडे हळदी लागलेल्या नवरीच्या साडीचा अनुभव तरी तसाच आहे. इथे शंभर मीटर कापड फिरवून हात स्वच्छ. काकींना शंका आली. त्या पान खातात, चंची कमरेला असतेच. त्यांनी नखाएवढा चुना काढला, पाण्याचा थेंब टाकला आणि कात्रणाच्या कोपऱ्यावर चोळला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच तर करतात. आम्ही दहा मिनिटं टक लावून बसलो. कापड पिवळंच्या पिवळं. मग चुन्याचाच दोष नको म्हणून मी घरातलं मसाल्याच्या डब्याखालचं फडकं आणलं. त्यावर लावल्या लावल्या विटकरी डाग.

मग मी काड्यापेटी घेतली. काठाजवळून एक उभा धागा काढून पेटवला. कागदासारखा भुर्रकन जळला, वास कागदाचाच, राख फुंकरीने उडाली. आडवा धागा पेटवला तर तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा मणी झाला. नखाने दाबला, दाताखाली धरला, फुटेना. म्हणजे उभा सुती आणि आडवा पॉलिस्टर. आणि काठ बघितला तर आडव्या धाग्यांची टोकं झालरीसारखी सुटी, कात्रीने छाटल्यासारखी. माझं माहेर सोलापूरकडचं, घराशेजारी हातमाग होता. धोट्याचा, म्हणजे आडवा, धागा काठाशी वळून परत आत जातो एवढं मला लहानपणापासून माहीत आहे. इथे तसं नाही, म्हणजे हा हातमाग नव्हेच.

आणखी एक गोष्ट. बाईंनी दिलेल्या पॅटर्नमध्ये बाजूच्या शिवणीला अर्धा इंचच माया (शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड) आहे. मी म्हटलं, एक इंच ठेवू या, कोणाला पुढच्या वर्षी घट्ट झाली तर उसवून सैल करता येईल. त्या म्हणाल्या, "अहो, माया कमी ठेवली की कापड वाचतं, तेच तर सस्टेनेबल." मला उत्तर सुचलं नाही. माझ्या सासूबाईंची एक चोळी तीन बाळंतपणं आणि एक मोठं आजारपण पार करून गेली ती केवळ बाजूच्या मायेवर. आत-बाहेर, आत-बाहेर. मग वाचलेलं कापड मोठं की वाचलेली चोळी?

तर विचारायचं ते असं. मी हे टॅग लावू का? नाही म्हटलं तर ऑर्डर जाईल, आणि सात घरांचा चवथीचा बाजार यातूनच व्हायचा आहे. लावले तर 'कोकणातल्या महिलांनी' म्हणजे आम्हीच ना त्या, आमच्याच तोंडून खोटं. आणि हे सस्टेनेबल म्हणजे शिवणाऱ्या बाईने नेमकं काय करायचं असतं, तेही कोणी साध्या भाषेत सांगाल का? कात्रणांची दोन पोती झाली आहेत. एरवी बंबाखाली घालते, पण ही जळताना थेंब थेंब गळतात आणि घरभर वास.

रंगारी (निवृत्त)

ताई, तुमच्या काकींना माझा नमस्कार सांगा. मी ३१ वर्षं इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात काढली, आता देवगडात चाळीस कलमं राखतो. आमच्या प्रयोगशाळेत याच्यापेक्षा महाग उपकरणं होती, पण अक्कल हीच.

चुन्याच्या परीक्षेने एकच सिद्ध होतं, की ही हळद नाही. वनस्पतीचा रंगच नाही असं त्यातून निघत नाही. डाळिंबाच्या सालीने पिवळा येतो, झेंडूने येतो, तो चुन्याने असा लाल होत नाही. पण तुमच्या काड्यापेटीने काम फत्ते केलंय. आडवा धागा पॉलिस्टरचा आणि तोही उभ्याइतकाच पिवळा, बरोबर? मग वनस्पतीचा रंग नाहीच. हे रंग पॉलिस्टरवर असे चढत नाहीत. त्याला डिस्पर्स जातीचे रंग लागतात, प्रचंड उष्णता देऊन आत घुसवावे लागतात. सुती धाग्याला दुसरे, बहुधा रिअॅक्टिव्ह. दोन वेगळ्या रंगांनी दोन वेगळे धागे एकाच छटेला आणणं हे कौशल्याचं काम आहे. ज्याने केलं तो रंगारी चांगला आहे. त्याच्या कामाचं श्रेय हळदीला देऊन त्याचाही अपमानच झाला.

आणि खरंच हळदीने रंगवली असती तर तुम्हाला वेगळा त्रास झाला असता. हळद उन्हात टिकत नाही. दुकानाच्या काचेत टांगलेली कुर्ती दिवाळीपर्यंत एका खांद्याला पिवळी, दुसऱ्याला साय रंगाची.

आता थोडं कडू बोलतो. वनस्पती रंग म्हणजे आपोआप निर्मळ असं समजू नका. रंग धरायला कापडावर आधी क्षार चढवावा लागतो. तुरटी असेल, जोडीला हिरडा असेल तर ठीक. पण गडद छटा काढायला मोरचूद किंवा क्रोमचे क्षार वापरणारेही असतात, आणि ते पाणी ओढ्यात गेलं तर मासा हा रंग झाडाचा की कारखान्याचा विचारत बसत नाही. रासायनिक रंगांतही सगळे सारखे नसतात. काही अॅझो रंगांपासून अमाइन नावाची कर्करोगकारक रसायनं सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, १९९७ मध्ये आपल्याकडेही ती आली. राहिला रिअॅक्टिव्ह. त्याचा लोक रंग बघतात, मी मीठ बघायचो. सुती कापडावर रंग बसावा म्हणून टबात पोत्याने मीठ टाकतात. रंगाचं पाणी प्रक्रिया करून पांढरं करता येतं, मीठ मात्र तसंच पुढे जातं. ते काढायचं तर आरओ लावा, बाष्पीभवन करा, विजेचं बिल भरा. नदीकाठच्या शेतकऱ्याला विचारा, पाणी दिसतं स्वच्छ आणि पीक बसतं. नोकरीत असताना मी हे बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो नाही.

टॅगवरच्या शिक्क्यांबद्दल थोडक्यात. 'गॉट्स' हा सेंद्रिय कापडाचा शिक्का, त्यात सेंद्रिय म्हणून दाखला असलेल्या धाग्यापासून शिलाईपर्यंतची साखळी तपासतात, कमीत कमी ७० टक्के सेंद्रिय धागा लागतो. त्यातही लबाडी होते, २०२० मध्ये भारतातून सुमारे २०,००० टन कापसाचे खोटे दाखले त्यांनाच सापडले होते. 'ओइको-टेक्स १००' म्हणजे तयार कापडात अपायकारक अंश नाहीत इतकंच, शेत कसं होतं आणि मजुरी किती दिली याच्याशी त्याचा संबंध नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क असतो. खादी हा शब्द तर खादी ग्रामोद्योग आयोगाच्या परवानगीशिवाय विक्रीला वापरताच येत नाही. आणि उद्या बाईंनी 'बांबूचं कापड' पाठवलं तर भुलू नका. ते बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस असतं, त्यात कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन वापरतात.

तुमच्या टॅगवर यातला एकही शिक्का नाही ना? मला वाटलंच.

दादरचो चाकरमानी

२४५० ची कुर्ती! ताई, मी दोन शर्ट ७९९ ला घेतो आणि सहा वर्षं घालतो. कॉलर फाटली की उलटी करून घेतो. मग मी फॅशनवाल्यांपेक्षा जास्त सस्टेनेबल झालो की नाही? मला टॅग कोण लावणार?

आणि पॉलिस्टरला एवढ्या शिव्या घालू नका. जुलै महिन्यात गावी येऊन बघा. सुती सदरा धुवून पडवीतल्या दांडीवर टाकला की तिसऱ्या दिवशीही दमट, चौथ्या दिवशी कॉलरवर काळे ठिपके. आमची आई चुलीवर टोपली उपडी घालून त्यावर कपडे सुकवायची, सगळ्या वर्गात धुराचा वास माझ्याच शर्टाला. टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापड, आलं तेव्हा घरात सण झाल्यासारखं झालं होतं.

पायमशीन

चाकरमानीदादा, हे तुमचं अगदी खरं. गणवेश शिवताना आया स्वतः सांगतात, सुती नको, पावसात वाळत नाही. मी पॉलिस्टरच्या विरोधात नाही हो. पॉलिस्टरला हातमाग म्हणायच्या विरोधात आहे.

रंगारीकाका, शिक्का एकही नाही. एक हिरवं पान छापलंय फक्त.

रापणवालो

ताई, तुमचा वाचून बरा वाटला. माका टॅगातला काय कळणा नाय, पण रंगातला थोडा सांगतंय. मराठीत लिहितो, नायतर घाटावरच्या मंडळींक कळाचा नाय.

आम्ही मालवणकडचे, पिढ्यान्‌पिढ्या रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे. आजोबांच्या वेळी जाळी सुताची असत. सूत खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून ऐनाची साल आणून कुटायची, तांब्याच्या मोठ्या हंड्यात रात्रभर शिजवायची आणि त्या लालसर काढ्यात जाळं बुडवून वाळूवर पसरायचं. आजी सांगायची, त्या दिवशी अख्ख्या वाड्याला कडवट वास आणि आजोबांचे हात कोपरापर्यंत तपकिरी. तो रंग शोभेचा नव्हता. सालीतल्या टॅनिनने सूत टिकायचं. ठराविक दिवसांनी परत बुडवायचं. चिपळूणकडच्या कातालाही हाच गुण, खैराच्या गाभ्यातून काढलेल्या कातात जगभर शिडं आणि जाळी रंगवत. आता शहरातली माणसं त्याच तपकिरी रंगाला हजारो रुपये देतात म्हणे. आजोबा असते तर जाळंच विकून आले असते.

मग नायलॉन आलं, तंगूस (नायलॉनची एकेरी तार) आला. कुजायची कटकट गेली आणि न कुजण्याची सुरू झाली. तुटलेलं जाळं समुद्रात पडलं की तिथे मासे मारतच राहतं, मालक नसला तरी. कासवं अडकतात. आता वन विभागाच्या कांदळवन कक्षाची योजना आहे, २०१८ पासून. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं आणि फोटो दिला तर जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई मिळते. आमच्यातल्या पुष्कळांनी कासवं सोडली आहेत, काहींनी तर योजना येण्याच्या आधीपासून.

तुमच्या फॅशनचा संबंध इथे येतो. जुनं नायलॉन जाळं आम्ही भंगारवाल्याला किलोवर देतो. इटलीची अॅक्वाफिल नावाची कंपनी आहे, तिच्या स्लोव्हेनियातल्या कारखान्यात २०११ पासून असली जाळी आणि जुने गालिचे विरघळवून परत नायलॉनचा धागा करतात, त्याचे पोहण्याचे कपडे होतात. नायलॉन ६ असेल तरच जमतं, सगळी जाळी त्यात चालत नाहीत. माझा भाचा हे मोबाइलवर दाखवत होता. मी विचारलं, आमच्या बंदरावरून तिथपर्यंत वाहतूक कोण देणार? तो गप्प. उद्या तुमच्या रिसॉर्टवाल्या बाई 'समुद्रातल्या जाळ्यांपासून बनवलेलं' म्हणून काही घेऊन आल्या तर त्यांना विचारा, कुठल्या बंदरावरची जाळी आणि मच्छीमाराला किलोला किती दिले.

तेरेखोलपलीकडून

खाडी ओलांडली की आमच्याकडे गोव्यातही हीच कथा. कुणबी साडी, लाल-पांढऱ्या चौकडीची जाड सुती, शेतात घालायची, गुडघ्यापर्यंत. ती जवळजवळ विसरलीच होती. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला परत हातमागावर आणलं, फॅशनच्या रॅम्पवर नेलं. ते २०२० मध्ये गेले. आता बाजारात गेलात तर यंत्रमागावरची चौकडी 'अस्सल कुणबी' म्हणून ढिगाने मिळते. नाव मोठं झालं की कापड पातळ होतं. तुमची काड्यापेटी इकडे पण पाठवा.

मर्चंडायझर, अंधेरी

ताई, मी एका एक्स्पोर्टवाल्या ऑफिसात सोळा वर्षं आहे, परदेशी ब्रँडच्या ऑर्डरी सांभाळते. मूळ गाव गुहागर. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं देते, दोन्ही थोडी रोखठोक.

पहिला टॅगचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेल्या खोट्या दाव्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं आणली. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'सस्टेनेबल' असले शब्द मोघम वापरायचे नाहीत, वापरले तर पुरावा दाखवायचा. 'शंभर टक्के सस्टेनेबल' हे तर कोणीच सिद्ध करू शकत नाही. दावा दुकानाचा आहे, तुमचा नाही. पण टॅगवर तुमच्या गटाकडे बोट आहे, म्हणून बाईंना व्हॉट्सअॅपवर लेखी विचारा: कापड कुठून घेतलं, बिलावर काय लिहिलंय. फोनवर नको, लेखी. माझा अंदाज, त्यांनाही कोणीतरी फसवलं असेल. घाऊक बाजारात बिलावर 'कॉटन' आणि तोंडी 'हँडलूम' हे नेहमीचं आहे. भांडायच्या सुरात विचारू नका. "ग्राहकाने धागा पेटवला तर तुमच्याच दुकानाचं नाव जाईल" एवढं पुरे.

दुसरा, शिवणाऱ्या बाईने काय करायचं. माझ्या धंद्यात या विषयाचं वळण एका दिवसाने बदललं. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा कोसळली, अकराशेच्या वर माणसं मेली, बहुतेक शिलाई कामगार बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. त्यानंतर ब्रँडनी हिरवे टॅग भरपूर छापले. पण फरक पडला तो ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये झालेल्या कायदेशीर करारामुळे, ज्यात इमारत तपासणं आणि दुरुस्त करणं बंधनकारक होतं. सही केली की पळता येत नाही, म्हणून कामं झाली. टॅगवर पान छापायला सही लागत नाही.

म्हणून माझा प्रश्न तुमच्या दराचा. २४५० मध्ये ८५ म्हणजे साडेतीन टक्के. दुकानाचं भाडं, रिसॉर्टचं कमिशन, न विकलेला माल, सगळं धरलं तरी एका कुर्तीला ११०-१२० मागायला काहीच हरकत नाही. बाईंना सांगा, एक इंच माया ठेवतो, शिवण मजबूत करतो, त्याचे जास्त.

मायेबद्दल तुम्ही म्हणता तेच बरोबर. कटिंगमध्ये कापड वाया जातं हे खरं, आमच्याकडे त्यासाठी संगणकावर मार्कर (कापडावर तुकडे बसवायचा आराखडा) लावतात, टक्का-टक्का वाचवतात. पण त्याच कंपन्या न विकलेला माल जाळायच्या. फ्रान्सने २०२२ पासून ते बंद केलं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमांत मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे नष्ट करायला बंदीची तारीख १९ जुलै २०२६ ठरली. अर्ध्या इंचात वाचलेलं कापड आणि भट्टीत गेलेला आख्खा कंटेनर, हिशेब तुम्हीच मांडा.

जाता जाता, कोणी तुम्हाला 'एका टी-शर्टला २७०० लिटर पाणी' सांगेल. आकडा सरासरीचा आहे. आपल्या विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू, पावसावर येतो. तिथला प्रश्न पाण्यापेक्षा शेतकऱ्याच्या हातात काय पडतं याचा आहे.

दादरचो चाकरमानी

कोकणात कापूस कुठे पिकतो? आपल्याकडे फक्त सावरीचा, तोही उशीत भरायला. मग 'कोकणी कापड' म्हणून विकतात ते काय असतं?

रंगारी (निवृत्त)

घाटावरून आलेलं कापड आणि कोकणात केलेली शिलाई. पूर्वीही तसंच होतं. फक्त पूर्वी कोणी तसं लपवत नसे.

ताई, कात्रणं बंबाखाली घालू नका. सुती वेगळी काढता आली तर पायपुसणी, गोधडी. या मिश्र कापडाची मोठी अडचण आहे, उभा-आडवा धागा वेगळा करून परत सूत काढणं महाग पडतं. पानिपतला जुन्या कपड्यांचं सूत करणारा मोठा उद्योग आहे, पण तिथे ट्रकने माल लागतो, दोन पोत्यांना कोणी विचारणार नाही. बारीक कातरून उशीत किंवा लोडात भरा.

पायमशीन

मंडळी, वीस दिवसांनी लिहिते आहे. पाऊस लागला, त्यात नेट गेलं.

अंधेरीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे बाईंना व्हॉट्सअॅप केलं. धागा जळतानाचा व्हिडिओ आणि चुना लावलेल्या कात्रणाचा फोटो, दोन्ही. निळ्या खुणा आल्या आणि दीड दिवस उत्तर नाही. तो दीड दिवस गटात कोणी माझ्याशी धड बोललं नाही, चवथीच्या बाजाराचं सगळ्यांच्या मनात होतं. माझ्याही. मग बाईंचा फोन आला. रडवेल्या झाल्या होत्या. त्यांनी मीटरला हातमागाचा दर मोजला होता. बिलावर नुसतं 'फॅब्रिक' एवढंच. म्हणजे चुना आम्ही कात्रणाला लावला, त्यांना आधीच कोणीतरी लावून गेला होता.

मग मोठी बोलाचाली. त्यांचं म्हणणं, टॅग छापून झाले, हजार आहेत, फेकले तर तोही कचराच. काकी मध्येच म्हणाल्या, "उलटे करा." टॅगची मागची बाजू कोरी होती! मी सावंतवाडीहून १८० रुपयांत रबरी शिक्का करून आणला: 'सुती-पॉलिस्टर मिश्र कापड, यंत्रमाग. पावसात लवकर वाळतं. बाजूला एक इंच माया आहे, सैल करून मिळेल.' छापलेल्या बाजूवर बाईंनी पट्टी चिकटवली, पहिल्या तीन ओळी झाकल्या. 'कोकणातल्या महिलांनी प्रेमाने' तेवढं राहू दिलं, म्हणाल्या गिऱ्हाइकांना आवडतं. दर ११० वर तुटला. पिशवीचे ३० च राहिले, तिथे मी हरले. किंमत त्यांनी १८५० केली. त्यांना यात काय सुटलं ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही.

मायेचं पहिलं गिऱ्हाईक गेल्या रविवारी आलं. नाशिककडची एक मुलगी, रिसॉर्टवरून रिक्षाने, भर पावसात. काखेत घट्ट होत होती. मी बाजू उसवली, पाऊण इंच सोडून दुसरी टीप मारली. आत दबलेली माया बाहेर आली ती किंचित गडद पिवळी होती, आठ दिवसांच्या घामा-धुण्याने बाहेरचं कापड तेवढं उतरलं होतं. शिवणीच्या दोन्ही बाजूंनी एक-एक गडद रेघ राहिली. मी म्हटलं, रेघ दिसेल हं. ती म्हणाली, दिसू दे. ४० रुपये घेतले.

कात्रणं उशीत भरली, सहा उशा झाल्या, फार गरम होतात. आणखी काही सुचत असेल तर सांगा.

रंगारी (निवृत्त)

उशीची खोळ तरी सुती घाला. आणि ते चुन्याचं कात्रण जपून ठेवा, पुढच्या ताग्याला लागेल.

पायमशीन

ते काकींनी नेलं. त्यांच्या चंचीला कोपऱ्यात भोक पडलं होतं, तिथे ठिगळ लावलंय.